ठिपक्यांची कोरफड ओळखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आम्ही आठ-दहा जण रविवारी सकाळी झाडं बघायला बाहेर पडतो. कधी पांडवलेणी, कधी रामशेज, पावसाळ्यात अंजनेरी. या मंडळींत माझी ख्याती कोरफडवेडी अशी आहे. त्यामुळे कुणाला कुठेही पांढऱ्या ठिपक्यांची कोरफड दिसली की फोटो माझ्याकडे येतो आणि खाली एकच ओळ असते, "ताई, ही कोणती?" त्यात आता परदेशवाऱ्या वाढल्यात. कुणी केनियाच्या सफारीतून पाठवतं, कुणी केपटाउनहून. माझा भाचा नोकरीसाठी प्रिटोरियात आहे, तो तर दर आठवड्याला पाठवतो. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

"पानावर पांढरे ठिपके आहेत. म्हणजे ही वेगळी जात ना?"

बहुतेक वेळा नाही. आपल्या अंगणातली साधी कोरफड, म्हणजे अॅलो व्हेरा, लहानपणी ठिपक्यांचीच असते. मोठ्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू खाली बसून नीट बघा. पानं दोनच बाजूंना, पंख्यासारखी निघालेली असतात आणि त्यांच्यावर पांढुरके ठिपके शिंपडलेले असतात. झाड वाढतं तशी पानं गोल फिरत गुच्छ करतात, जाड होतात, आणि ठिपके विरत जातात. काही झाडांत ते मोठेपणीही थोडेफार टिकतात.

यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे. रामशेजच्या वाटेवर एका शेताच्या बांधाला ठिपक्यांच्या कोरफडीचं बेट दिसलं. मी सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगून टाकलं, ही अॅलो मॅक्युलाटा, आफ्रिकेतली, कुणाच्या तरी बागेतून सुटलेली. आमच्यात वनस्पतीशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक येतात. ते एवढंच म्हणाले, "फूल येऊ द्या." दोन हिवाळे गेले, फूल आलं. पिवळं, सरळ नळीचं. अॅलो व्हेरा! सर काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये कुणी घाईने नाव ठोकलं की बाकीचे म्हणतात, "रामशेज झालं."

"नाशिकच्या रानात ठिपक्यांची जंगली कोरफड मिळते का?"

नाही. ठिपक्यांच्या खऱ्या जाती आफ्रिकेच्या. आपली अॅलो व्हेरासुद्धा मूळची इथली नव्हे, तिचं माहेर अरबस्तानात, ओमानमधल्या हजर डोंगरांत धरतात. व्यापाराबरोबर ती इतकी जुनी आली की आयुर्वेदात कुमारी झाली आणि बाळंतिणीच्या काळ्या बोळात जाऊन बसली. काळा बोळ म्हणजे कोरफडीच्या सालीलगतचा कडू पिवळा चीक आटवून केलेला खडा. आता ती बांधावर, स्मशानाच्या कडेला, पडक्या वाड्यात आपोआप उगवल्यासारखी दिसते, पण ती माणसानेच कधीतरी लावलेली किंवा उपटून टाकलेली असते. टाकलेली कोरफड मरत नाही. दृष्ट लागू नये म्हणून दाराला उलटी टांगलेली कोरफड माती-पाण्याविना महिनोन्‌महिने हिरवी राहते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

तेव्हा नाशिक परिसरात "रानात" ठिपक्यांची कोरफड दिसली तर दोनच शक्यता: अॅलो व्हेराचं पिल्लू, नाहीतर नर्सरीतून आलेली पाहुणी. खालची बाकीची उत्तरं मुख्यतः आफ्रिकेत फिरताना उपयोगी पडतील, आणि गच्चीवरच्या कुंड्यांसाठीही.

"मग ठिपक्यांच्या खऱ्या जाती कोणत्या आणि किती?"

अॅलो या प्रजातीत पाचशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या ठिपकेवाल्यांचा एक गट करून त्याला पिक्टी असं नाव दिलंय, लॅटिनमध्ये अर्थ "रंगवलेल्या". यात चाळीसेक जाती धरतात. नेमका आकडा विचारू नका, कारण एक अभ्यासक ज्यांना दोन जाती म्हणतो त्यांना दुसरा एकीचेच दोन उपप्रकार म्हणतो. बहुतेक जाती दक्षिण आफ्रिका आणि शेजारच्या देशांतल्या, काही थेट केनिया-इथिओपियापर्यंत पोचतात. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स बोलणारे लोक या सगळ्यांनाच बोंटआल्वेन म्हणतात, म्हणजे ठिपकेदार कोरफड. आपणही पहिल्या दिवशी तेवढ्यावरच थांबलेलं बरं.

आणि उलटही लक्षात ठेवा: ठिपके असलेली प्रत्येक अॅलो या गटातली नसते.

"ओळखायला सुरुवात कुठून करायची?"

फुलापासून. पान सगळ्यात शेवटी.

माझ्या गच्चीवर मॅक्युलाटाची एक कुंडी आहे. नर्सरीवाल्याने ती "लाल कोरफड" म्हणून दिली होती. ती आणि साधी कोरफड एकदा एकाच आठवड्यात फुलल्या, तेव्हा मी दोघींचं एकेक फूल खुडलं, पांढऱ्या ताटलीत ठेवलं आणि दाढीच्या ब्लेडने उभं चिरलं. अॅलो व्हेराचं फूल पिवळं, बुडापासून तोंडापर्यंत जवळजवळ सारख्या जाडीचं, पेनाच्या टोपणासारखं. मॅक्युलाटाचं फूल अगदी निराळं: बुडाशी गोल पोट, त्याच्यावर लगेच चिमटा काढल्यासारखी अरुंद मान, आणि पुढे नळी पुन्हा रुंद होत किंचित खाली झुकलेली. थेट देवघरातला चंबू आडवा धरावा तसं. चिरल्यावर आत काय दिसतं? पोटात हिरवा बीजांडकोश घट्ट बसलेला, आडवा कापला तर तीन कप्प्यांचा. तो जिथे संपतो नेमकी तिथेच बाहेरून मान आवळलेली. बाजूने सहा पुंकेसर वर निघालेले. बोटाला मधाचा चिकटपणा लागतो. ब्लेड बाजूला ठेवायच्या आत मुंग्या ताटलीत हजर होत्या.

हा चंबू म्हणजे पिक्टी गटाची मुख्य खूण. आफ्रिकेतल्या रानात ठिपक्यांची अॅलो दिसली की आधी फुलाचं बूड बघायचं. चंबू असेल तर गट जवळजवळ ठरला. अपवाद आहेच: अॅलो ग्रँडिडेंटाटा. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या उत्तर-मध्य भागात ती पिल्लं सोडत मोठी बेटं करते. तिच्या फुलाला बुडाशी ठळक पोट नसतं, ते तोंडाकडे जाड होत जातं, गदेसारखं. पान मात्र या गटाचंच. फुलाचा आकार इतका वेगळा असल्यामुळे उलट ती ओळखायला सोपी जाते.

"चंबू दिसला. आता जात कशी ठरवायची?"

दुसरी गोष्ट फुलोऱ्याची ठेवण. नाशिककरांना हे समजवायला मी कांद्याचे डोंगळे वापरते. डोंगळ्यात सगळी फुलं एका बिंदूतून निघून गोळा होतो. कोरफडीत तसं नसतं, दांड्याच्या बाजूंनी खालून वर एकेक फूल उमलत जातं. पण अॅलो मॅक्युलाटात खालच्या फुलांचे देठ लांब आणि वरच्यांचे आखूड असल्यामुळे सगळी फुलं जवळपास एका पातळीवर येतात. डोंगळ्याचा वरचा अर्धा भाग सपाट कापून टाकल्यासारखा माथा दिसतो. दांड्याला फांद्या फुटतात आणि प्रत्येकीवर असा सपाट झुबका. रंग केशरी, लाल, सामन माशाच्या मांसासारखा गुलाबी, कधी पिवळाही. म्हणून रंगावरून जात ठरवू नका. केपच्या किनाऱ्यापासून पूर्वेला क्वाझुलू-नाताळपर्यंत आणि लेसोथोच्या बाजूला ही दिसते. (डोंगळे आणि कोरफड ही तुलना अगदीच हवेतली नाही बरं का. कांदा आणि कोरफड वनस्पतीशास्त्रात एकाच गणात, शतावरीच्या गणात बसतात. कुळं मात्र वेगळी.)

अॅलो झेब्रिनात झुबका नसतो. दांडा उंच, दीड मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि त्यावर फुलं विरळ, लांबच लांब तुऱ्यात लागतात. पानावरचे ठिपके एकमेकांना मिळून आडवे पट्टे होतात, नाव त्यावरूनच पडलं. बेकर या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाने ती 1878 मध्ये नोंदवली. अंगोला, नामिबिया, बोत्स्वाना, झिंबाब्वेपासून दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागापर्यंत तिचा पसारा आहे.

अॅलो ग्रेटहेडी आणि तिची अगदी जवळची डेव्हियाना. इथे पान उलटून बघायचं. वरच्या अंगाला ठिपके भरपूर, खालचं अंग फिकट आणि बिनठिपक्यांचं. भाच्याला मी पहिली गोष्ट शिकवली ती हीच: पान न तोडता मोबाइल खाली सरकवून पालथ्या बाजूचा फोटो. प्रिटोरियाच्या आसपास गवताळ माळावर डेव्हियाना सरसकट दिसते आणि तिकडच्या थंडीत, जून-जुलैत फुलते. आपण पावसात अंजनेरीला भिजत असतो तेव्हा तिकडे माळ गुलाबी झालेला असतो. त्या दिवसांत तिथले मधपाळ पेट्या गाडीत घालून डेव्हियानाच्या माळावर नेतात, कारण ऐन हिवाळ्यात पराग आणि मध दोन्ही देणारं दुसरं फारसं काही नसतं. आपल्याकडे कांद्याच्या बियाण्यासाठी डोंगळ्यांच्या शेतात मधपेट्या ठेवतात, पण तिथे गरज कांद्याची, माशीची नव्हे. तिकडे उलटा मामला.

केनिया-टांझानियाच्या सफारीत ठिपक्यांची, केशरी-लाल सपाट झुबक्याची अॅलो दिसली तर पहिला अंदाज अॅलो लॅटेरिशिया करायला हरकत नाही. मॅक्युलाटासारखीच दिसते, पण मॅक्युलाटा तिथली नव्हे. ठिकाण हेही लक्षणच आहे, आणि लोक नेमकं तेच कळवत नाहीत.

"फूल नसेल तर?"

तर नावाची घाई नको. गटापर्यंत जाता येतं: गुच्छ जमिनीलगत, खोड जवळजवळ नाही, पानाच्या कडेला तपकिरी टणक दाते, पानांची टोकं वाळून पिळवटलेली, ठिपके लांबट, काही वेळा रोमन लिपीतल्या एच अक्षरासारखे. वाळलेला जुना फुलोरा आजूबाजूला पडलाय का ते बघा. वाळल्यावरही फांद्या किती आणि फुलं झुबक्यात होती की तुऱ्यात, हे देठांच्या खुणांवरून कळतं. फळही मदत करतं. तीन कप्प्यांचं बोंड, तडकून तीन फाका होतात, आत पातळ पंख असलेल्या बिया. अॅलो व्हेराला असं बी आपल्याकडे क्वचितच धरतं, ती पिल्लांवरच वाढते.

ठिपक्यांची दाटी मात्र मोजत बसू नका. ऊन, पाणी, वय, सगळ्यांनी ती बदलते. एकाच कुंडीतली पिल्लं उन्हाळ्यात लालसर तपकिरी आणि श्रावणात हिरवीगार होतात. मी बघत आले आहे.

"नर्सरीत ठिपक्यांचं बरंच काय काय मिळतं. ते सगळं अॅलोच का?"

मुळीच नाही. टायगर अॅलो नावाने विकतात ती तीन रांगांत रचलेल्या, नावेसारख्या कण्याच्या पानांची बुटकी देखणी वनस्पती. 1753 मध्ये लिनियसने तिला अॅलो व्हेरिएगाटा म्हटलं. 2014 पासून ती गोनिअॅलो या वेगळ्या प्रजातीत गेली. गॅस्टेरियाची पानं जिभेसारखी जाड, बिनदात्यांची. तिच्या फुलालाही पोट असतं, नाव मुळी पोटावरूनच पडलंय, म्हणून फक्त फूल बघणारा फसतो. झेब्रा हॉवर्थियाचे पांढरे पट्टे हाताला खरखरीत लागतात, कारण ते पानावर उठलेले दाणे असतात. अॅलोचे ठिपके गुळगुळीत. स्नेक प्लांट आणि घायपात ही तर लांबची मंडळी. घायपाताच्या पानात दोर वळण्याइतके चिवट धागे निघतात, कोरफडीच्या पानात गर.

"दुकानात सॅपोनेरिया लिहिलंय, तुम्ही मॅक्युलाटा म्हणता. खरं कोणतं?"

झाड एकच. अॅलियोनी या इटालियन वनस्पतीशास्त्रज्ञाने 1773 मध्ये मॅक्युलाटा हे नाव दिलं. मॅक्युला म्हणजे डाग. सॅपोनेरिया हे जातीचं नाव म्हणून 1804 मध्ये आलं, साबणावरून, कारण तिचा रस पाण्यात फेस करतो. नियम असा की आधीचं नाव टिकतं. पण नर्सरीच्या पाट्यांना नियम लागू नाहीत, तिथे सॅपोनेरियाच चालतं.

नावांची याहून मजेदार शर्यत आपल्या अॅलो व्हेराची आहे. क्रीमच्या बाटलीवर "अॅलो बार्बाडेन्सिस मिलर" वाचलंय ना? हे मिलर म्हणजे लंडनचे फिलिप मिलर, त्यांनी हे नाव 16 एप्रिल 1768 ला छापलं. बर्मन नावाच्या डच माणसाने त्याच महिन्यात, 6 एप्रिलला, भारतातल्या वनस्पतींवरच्या पुस्तकात अॅलो व्हेरा हे नाव वापरलं होतं. दहा दिवसांच्या फरकाने बर्मन जिंकले. बाटलीवाल्यांपर्यंत निकाल अजून पोचायचा आहे.

"एकाच टेकडीवर दोन जातींच्या मधली झाडं दिसतात. ती काय?"

बहुधा संकर. या गटाची खरी डोकेदुखी हीच. ठिपक्यांच्या जाती एकमेकींत सहज मिसळतात. गुणसूत्रंही सगळ्यांची सारख्याच घडणीची, चौदा, त्यात आठ लांब आणि सहा आखूड. ती मोजून जात कळत नाही. शिवाय फुलांवर शिंजीर आणि मधमाश्या येतात, त्यांना जातींच्या सीमा कोण सांगणार? दोन जाती जवळ वाढत असतील आणि एकाच वेळी फुलत असतील तर मधली झाडं होणारच. तिथे एका झाडाचा फोटो बिनकामाचा. दहा-पंधरा झाडं बघायची, बहुतेकांत सारखं काय आहे ते टिपायचं, आणि विचित्र दिसणाऱ्याची वेगळी नोंद करायची. जातीचं वर्णन एका झाडाचं नसतं, वस्तीचं असतं.

म्हणूनच डेव्हियानाला काही जण ग्रेटहेडीचा उपप्रकार मानतात, 1987 पासून तसं छापलंही गेलं, तर काही जण तिला स्वतंत्र जात ठेवतात. तुमच्या वहीत दोन्ही नावं लिहा. कुणी हसणार नाही.

"अॅपने नाव सांगितलं की झालं ना?"

अॅप अंदाज देतं. फुलाविना ठिपक्यांच्या पानाचा फोटो टाकला की मॅक्युलाटा येतं, कारण जगभरच्या बागांत तीच जास्त आहे. आमच्या अंगणातल्या अॅलो व्हेराच्या पिल्लालाही एकदा तेच नाव मिळालं. तेव्हा मला जरा बरं वाटलं, रामशेज फक्त माझंच होत नाही. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद जरूर करा, तिथे माणसं दुरुस्ती करतात आणि धोक्यातल्या जातीचं नेमकं ठिकाण झाकलं जातं. ते झाकणं गरजेचं आहे, कारण दक्षिण आफ्रिकेत मांसल वनस्पतींची चोरी हा मोठा धंदा झालाय.

"ताई, तुम्हाला फोटो पाठवायचा तर कसा?"

सहा पाठवा. पूर्ण झाड, आजूबाजूच्या जमिनीसह. पान वरून. पान खालून. कडेचे दाते जवळून. पूर्ण फुलोरा, माथा आणि फांद्या दिसतील असा. आणि एक फूल बाजूने, बूड स्पष्ट दिसेल असं, शेजारी आगपेटीची काडी किंवा बोट धरून, म्हणजे माप कळतं. तारीख आणि ठिकाण लिहा. नुसतं "आफ्रिका" लिहू नका. नाशिकहून काश्मीर जितकं लांब, त्याच्या कितीतरी पट तो खंड पसरलाय.

एक विनंती: सेल्फीच्या मागे अर्धवट दिसणारी कोरफड पाठवून "ही कोणती" विचारू नका. मी तुमचंच नाव सांगेन.

"तिथून एक पिल्लू बॅगेत टाकून आणलं तर?"

नको. अॅलो व्हेरा सोडून जवळजवळ सगळ्या अॅलो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहेत. तिथला निर्यात परवाना, इथला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला, एवढं लागतं. विमानतळावर पिल्लू तर जाईलच, वर मनस्ताप. मॅक्युलाटा हवी असेल तर नाशिकच्या नर्सऱ्यांत फिरा, दोन-तीन ठिकाणी विचारलंत तर मिळते.

"ठिपक्यांच्या कोरफडीचा गर खाल्ला तर चालतो का?"

नाही. त्वचेवरही आधी जपून, काहींना खाज सुटते. साध्या कोरफडीचा पिवळा चीकसुद्धा जुलाब लावतो, म्हणून तर पान कापून आधी उभं ठेवतात आणि चीक गळू देतात. ज्या झाडाची जात नक्की नाही ते तोंडात घालायचं नाही, मग ते कोरफडीसारखं कितीही दिसो.

"नाशिकच्या हवेत मॅक्युलाटा फुलते का?"

माझ्याकडे फुलते. निम्मी वाळू-खडी, निम्मी माती, कुंडीला मोठं भोक, सकाळचं ऊन. पावसाळ्यात मी कुंडी पन्हाळीपासून लांब, पत्र्याखाली सरकवते. ती सडते ती पाण्याने. थंडीला घाबरत नाही. निफाडकडच्या गारठ्यात, जिथे द्राक्षवाले रात्री शेकोट्या पेटवतात, तिथे मात्र उघड्यावर ठेवू नका.

गेल्या आठवड्यात सर गच्चीवर आले होते. कुंडीत दांडा नुकताच वर येत होता, कळ्या अजून हिरव्या, मिटलेल्या. मी विचारलं, "सर, आता तरी मॅक्युलाटा म्हणू का?" त्यांनी चष्मा वर सरकवला, कळीच्या बुडाशी बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "आठ दिवस थांबा."